पाटीवरची चौथी ओळ

सर, निळ्या दिव्याची बैठक मी बनवली. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला ॲल्युमिनियमचा ठोकळा घेतला, कानशीने सपाट केला आणि त्यावर दिवा बसवला, कारण तो दिवा तापला की त्याचा रंग सरकतो हे मला दोन दिवे जाळल्यावर कळलं होतं. पेटीचं अंग मी बनवलं, पत्र्याचं, कोपरे वाकवून आणि रिबिट मारून. झाळकाम कुठेही नाही, कारण झाळल्यावर पत्रा वाकतो. आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग, दोन हात. दाराच्या कडेला मखमल लावली ती सराफ बाजारात दागिन्यांच्या डब्या बनवणाऱ्याकडच्या उरलेल्या पट्ट्यांची. आधी लाल लावली होती, तिने आतला उजेड गढूळ झाला, मग ती खरवडून काढून काळी लावली. जंतूंची ताटली ठेवायची सरकपट्टी माझी. खालीवर करायचं बटण एका जुन्या रेडिओचं, ज्याला अर्धा फेरा दिला तरी आतला काटा केसभरच सरकतो. भिंग बुरशी धरलेल्या कॅमेऱ्यातलं, खोलून, पुसून, उलटं बसवलेलं. नारिंगी काच मात्र काच नव्हे, ऑर्केस्ट्रावाले दिव्यांना लावतात तो रंगीत कागद आहे, दोन थर, मध्ये हवेचा एकही बुडबुडा न ठेवता. आणि पुढची पितळी पाटी, तीही मीच बनवली. अक्षरं माझी, मजकूर तुमचा.

हे सगळं तुम्हाला माहीत होतं. तरी लिहितोय, कारण आता ते माहीत असलेली दोनच माणसं उरली आहेत, मी आणि तुमच्या प्रयोगशाळेतले नाना, आणि नानांना हल्ली ऐकूही कमी येतं.

आपली ओळख भांड्यांवरून झाली. तुमच्या घरच्या बाईंचं माहेर जळगावचं, म्हणून लेकीच्या लग्नाची भांडी तुम्ही धुळ्याहून इथे येऊन घेतलीत, आणि दुकानदाराने तुम्हाला पायरीवर बसलेल्या माझ्याकडे पाठवलं. नावं घालायचं मशीन मांडीजवळ, समोर घागरी, डबे, पराती. तुमची लेक शेजारी उकिडवी बसून सांगतेय, "काका, अक्षर सुंदर पाहिजे हं. सासरी सगळे उलटं करून वाचतील." मी म्हटलं, "ताई, उलटं करून वाचलं तरी सुलटं दिसेल असं घालतो." ती हसली, तुम्ही नाही हसलात. तुम्ही माझ्या डोक्यावरच्या दांडीकडे पाहत होतात. टेबललॅम्पची मान होती ती, आणि तिच्या टोकाला भिंग. हातात मशीन धरून दोन्ही डोळे मोकळे राहावेत म्हणून मी ते जोडलं होतं.

"हे भिंग कशातलं?"

"स्लाइडच्या प्रोजेक्टरमधलं."

"आणि दांडीला हा सांधा?"

"माझा."

"शिकलास कुठे?"

"कुठेच नाही. बिघडवून बिघडवून."

तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, "बिघडवून शिकलेला माणूस मला हवाच होता. शिकून बिघडवलेले माझ्याकडे खूप आहेत." सर, हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल! घरी सांगितलं, बाजारात सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. दहावीनंतर शाळा सोडलेल्या माणसाला एका प्राध्यापकाने पायरीवर उभं राहून असं म्हणावं, याचा अर्थ तुम्हाला कदाचित कधीच कळला नसेल. ज्याला रोज कोणीतरी काहीतरी चांगलं म्हणतं त्याला तो कळत नाही.

मग धुळे. एसटीने एरंडोल, पारोळा करत यायचो, पिशवीत माझी हत्यारं. तुमच्या कॉलेजच्या विभागातले आंधळे पडलेले सूक्ष्मदर्शक एकेक करून उघडले, पुसले, जुळवले. पैसे मी घेतले नाहीत. तुम्ही देत होतात, मीच घेतले नाहीत, हेही नीट लिहून ठेवतो. दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात जेवायचो. बाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापतायत, शेवभाजीच्या तिखटाने माझ्या नाकातून पाणी वाहतंय आणि तुम्ही समोर बसून मला जंतूंचं बोलणं समजावताय. केळीचा कंद आतून सडतो, बाहेरून तो ठणठणीत दिसतो, शेतकरी तोच लावतो आणि अख्खी बाग कोलमडते. यावलच्या, चोपड्याच्या बागांमधले कंद तुमच्याकडे येत होते. सडवणारे जंतू थोडे असतात तोवर गप्प बसतात, हे तुम्ही सांगितलंत आणि मी विचारलं, "थोडे आहेत हे त्यांना कसं कळतं?"

"भरीत पार्टीला गेलायस ना?" तुम्ही म्हणालात. "शेतात चारच जण आले तर कोणी कपाशीच्या काट्या पेटवतं का? वाट बघतात. माणसं जमली की मग एकदम जाळ, एकदम वांगी, एकदम आरडाओरडा. हे तसेच. प्रत्येक जण एक अगदी बारीक पदार्थ बाहेर सोडत असतो. मी आलोय, मी आलोय. तो पदार्थ दाट झाला की सगळ्यांना कळतं, आता पुरेसे झालो. मग सगळे मिळून कंद खायला घेतात."

"आणि आपल्याला तो पदार्थ दिसायचा कसा?"

तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात ठेवून दिलात. असे तुम्ही फार क्वचित थांबायचात. म्हणालात, "त्यासाठी ऐकणारे जंतू पाहिजेत. पुण्याच्या मित्राकडून मी मागवलेत. निरुपद्रवी आहेत. त्यांच्या आत समुद्रातल्या एका जेलीफिशचं प्रथिन बनवायची सोय घातलेली आहे, निळ्या उजेडात हिरवं चमकणारं. पण ते एरवी बनत नाही. तो निरोपाचा पदार्थ आत शिरला तरच बनतं. जिवंत पेशी, तिला न मारता, न रंगवता, ती स्वतःच दाखवते की निरोप पोचला. आणि यातली खुबी काय, तर यांना स्वतःचा निरोप पाठवता येत नाही. मुके आहेत. फक्त दुसऱ्याचं ऐकतात. म्हणून तर यांच्यावर विश्वास ठेवायचा."

मला तेव्हा ते फार आवडलं होतं. भाकरी संपेपर्यंत मी त्या मुक्या जंतूंबद्दलच विचारत राहिलो.

बाहेरून येणारं यंत्र परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून पेटी बनवायची ठरली. काय दिसायला हवं ते तुम्ही सांगितलंत, कसं दिसेल ते मी शोधलं. निळा उजेड ताटलीवर तिरका पडला पाहिजे, म्हणजे तो डोळ्यात येणार नाही. उरलासुरला नारिंगी कागद अडवेल. आणि पलीकडून येईल ते फक्त हिरवं. जवळजवळ अख्खा उन्हाळा गेला. मे महिन्यात धुळ्याला भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगून आपण तिघं त्या खोलीत, पंखा बंद, कारण पंख्याने घोंगडी हलायची. पहिल्यांदा दिवा लावून मी भिंगातून पाहिलं आणि ओरडलोच. अख्खी ताटली हिरवीगार! मी नानांचा हात धरून नाचायचा बाकी होतो. तुम्ही वाकून पाहिलंत, बराच वेळ पाहिलंत, मग ताटली बाहेर काढून उलटी केलीत. खाली मी क्रमांकाची चिकटपट्टी लावली होती, आमच्याकडे भांड्यांच्या बाजारात किमती लिहायला असते ती, झगझगीत पोपटी. निळ्या उजेडात तीच पेटली होती.

"अरे," तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "हा जंतूंचा निरोप नाही. ही परातीची किंमत बोलतेय!"

नाना तर खाली बसले हसून हसून. मी ओशाळलो, पण मला राग आला नाही. त्या दिवशी तुम्ही मला शिकवलंत की काहीही चमकलं तर आधी विचारायचं, हे निरोपाशिवाय चमकतं का? मग आपण तीन ताटल्या ठेवायला लागलो. एकीत सडक्या कंदाचा गाळून घेतलेला रस, एकीत निरोगी कंदाचा, एकीत नुसतं पाणी. पुढे माझं स्वतःचं दुकान झालं, तिथे मशीन असो की माणूस, मी सगळं असंच तपासत आलोय. एवढं तुमचं देणं मी नाकारत नाही.

आणि मग तो दिवस. पाण्याची ताटली काळी. निरोगी कंदाची काळी. तिसरी आत सरकवली, रेडिओचं बटण हळूच फिरवलं, आणि रसाच्या थेंबाभोवती एक कडं उमटलेलं. पातळ, हिरवं, कडेला विरत गेलेलं. थेंबातून निरोप बाहेर झिरपत गेला होता, आणि जिथवर पोचला तिथवरच्या जिवंत जंतूंनी तो ऐकला होता. नानांनी भिंगाला डोळा लावला आणि म्हणाले, "आरे बाप रे, हाई तं काजवास्नी जत्रा शे!" अंधारात तुमचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तुम्ही हळू म्हणालात, "हे तुझं आहे. लक्षात ठेव, हे तुझं आहे."

मी लक्षात ठेवलं, सर. तुम्हीच नाही ठेवलंत.

पाटीसाठी तुम्ही स्वतः जळगावला आलात. आमच्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक सांगेल तेच कोरायचं. 'सप्रेम भेट' कोणाकडून आणि कोणाचं नाव वगळून, हे घर ठरवतं, आम्ही विचारत नाही. भावाभावांची वाटणी झाल्यावर एकाच घागरीवरचं एक नाव घासून मी दुसरं घातलेलं आहे, आणि दोन्ही भाऊ माझ्या समोर बसलेले होते. ओळ झाली की आम्ही फक्त एवढंच म्हणतो, "पुढे?" तुम्ही यायच्या आधीच मी पितळ घासून चकचकीत केलं होतं आणि सुईने चार ओळींची आखणी करून ठेवली होती. विभाग, पेटीचं नाव, तुमचं नाव, माझं नाव. तसं ठरलं नव्हतं. मला ते ठरवण्यासारखं वाटलंच नव्हतं.

तुम्ही पायरीवर माझ्या शेजारी बसलात, त्या दिवशी तुमची लेक बसली होती तिथेच. पहिली ओळ सांगितलीत. मी कोरली. "पुढे?" दुसरी सांगितलीत. कोरली. "पुढे?"

"संकल्पना," तुम्ही म्हणालात. मी कोरलं. संकल्पना तुमचीच होती, त्यात वाद नाही.

"पुढे?"

"व निर्मिती."

मशीन माझ्या हातात घरघरतंय. मी वर पाहिलं नाही. ते मशीन हातात असताना थांबलं तर अक्षराला खड्डा पडतो, आणि माझ्या अक्षराला आजवर खड्डा पडलेला नाही. मी 'व निर्मिती' कोरलं आणि पुढे तुमचं नाव कोरलं, पदवीसकट, टिंब बरोबर जागेवर. मग मशीन बंद केलं आणि पुन्हा विचारलं, "पुढे?"

"बस. एवढंच."

"खाली अजून एक ओळ आखलेली आहे, सर."

तुम्ही पाटी हातात घेतलीत. अंगठा त्या रिकाम्या जागेवरून फिरवलात. तुम्हाला कळलं नाही असं मी कसं मानू? म्हणालात, "पुसून टाक की ती रेघ."

"सुईने ओढलेली असते. पुसली जात नाही."

"लांबून दिसत नाही," तुम्ही म्हणालात, आणि घड्याळ पाहून उठलात. धुळ्याच्या गाडीची वेळ झाली होती.

नंतर फोनवर तुम्ही समजावलंत. "अरे, कॉलेजच्या वस्तूवर बाहेरच्याचं नाव चालत नाही. तपासणी समितीला कागद लागतात. तुझ्याकडे ना पदवी, ना पावती. समजून घे." मी म्हटलं, "समजलं, सर." खरंच समजलं होतं. समितीला काय लागतं ते समजलं होतं. तुम्हाला काय लागतं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, तेही समजलं.

तरी समिती आली त्या दिवशी मी धुळ्याला आलो. दिव्याची तार मी नाजूक ठेवली होती, ती कोणी ओढली असती तर सगळ्यांसमोर अंधार झाला असता, आणि तो अंधार माझ्या हातांचा ठरला असता. घोंगड्या टांगलेल्या, पाहुणे रांगेने भिंगातून बघतायत, हिरवं कडं आज नेहमीपेक्षाही स्वच्छ. त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "ही उजेडाची रचना फार छान आहे. कोणी केली?" तुम्ही म्हणालात, "इथेच, विभागात." त्यांची नजर माझ्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरवर गेली. तुमचीही गेली. आणि तुम्ही अगदी सहज, हसून म्हणालात, "हे आमचे पाटीवाले. जळगावहून पाटी बसवायला आलेत."

सर, तुम्ही मला नुसतं वगळलं असतंत तर मी कदाचित सोसलं असतं. तुम्ही मला दुसरंच काहीतरी ठरवलंत. तेही खोटं नव्हतं, मी पाटीवालाच आहे, म्हणून तर मला तिथल्या तिथे काही बोलता आलं नाही. बाहेर व्हरांड्यात नानांनी माझा दंड धरला. "भाऊ, तू बोलना का बरं नही? पेटी तुन्ही शे. माले माहीत शे." मी म्हटलं, "नाना, तुम्हाला माहीत असून काय उपयोग? तुम्हीही नाही बोललात." त्यांनी माझा दंड सोडला. मग मला आठवलं, त्यांची नोकरी तुमच्या हाताखालची आहे, आणि मी स्टँडवर आलो. पारोळ्यापर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत होतो. ऐकणाऱ्या जंतूंची खुबी तुम्ही मला स्वयंपाकघरात समजावली होती ना? स्वतःचं काही बोलता येत नाही, म्हणून विश्वास ठेवायचा. एसटीत बसून मला कळलं की तुम्हाला तसा माणूस हवा होता, आणि तो तुम्हाला भांड्यांच्या बाजारात पायरीवर मिळाला होता.

त्यानंतर मी धुळ्याला आलो नाही. तुम्ही आजारी पडलात तेव्हा नानांकरवी निरोप आला, "सर म्हणतात, एकदा येऊन जा." मी आलो नाही. तुम्ही गेलात. काय सांगायचं होतं तुम्हाला, ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसण्याची किंमत मी चुकवतोच आहे. पण आज पुन्हा तसा निरोप आला तरी मी निघेन असं मला वाटत नाही. निरोप अंधारात येतो, तुमचा नेहमी तसाच यायचा. मला तो उजेडात, चार लोकांसमोर हवा होता.

एवढ्या वर्षांनी हे सगळं का उकरलं, तर गेल्या आठवड्यात तुमची लेक दुकानात आली. केसांत पांढरं दिसायला लागलंय, पण बसली तशीच उकिडवी, पायरीवर. "काका, ओळखलं का? माझी भांडी अजून आहेत. अक्षर जसंच्या तसं." गाडीतून तिने पेटी काढली. कॉलेज तुमच्या नावाने एक दालन करतंय, तिथे ती ठेवायची आहे. "दिवा लागत नाही. तुम्हीच दुरुस्त करायचात ना बाबांची पेटी?" मी मान हलवली. पेटी उघडली. मखमल झडलेली नाही. नारिंगी कागदाची एक कड सुटलीय, बुडबुडा अजूनही नाही. तार निघाली होती, ती तिच्या समोरच जोडली, आणि उजेड तपासायला गल्ल्यातली पोपटी चिकटपट्टी आत ठेवली. पेटली. ती वाकून बघते आणि एकदम खळखळून हसते, हुबेहूब तुमच्यासारखी.

"अय्या, हीच ती! बाबा नेहमी सांगायचे. जळगावचा माझा एक मित्र होता, त्याने परातीची किंमत लावून ठेवली होती म्हणे, आणि सगळे नाचले!"

म्हणजे घरी माझी गोष्ट सांगत होतात तुम्ही. मित्र म्हणत होतात. आणि त्या अख्ख्या पेटीतली चूक तेवढी माझ्या नावावर ठेवलीत. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसलो. त्या एका शब्दाने आनंद व्हावा की वाईट वाटावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग तिने पाटीवर बोट ठेवलं. "आणि काका, ही पाटी. बाबांनी एवढी पेटी स्वतः बनवली आणि पाटी अशी अर्धवट वाटते बघा. खाली जागा रिकामीच. तिथे छानशी वेल काढा ना, केळीची पानं वगैरे."

मी म्हटलं, "आता डोळे साथ देत नाहीत, ताई. दुसऱ्या कोणाकडून करून घ्या."

"दुसऱ्याचा हात नको. अक्षर तुमचं आहे, वेलही तुमचीच पाहिजे." तिला वाटलं मी पैशांसाठी अडतोय. तिने आकडा सांगितला, मग तो वाढवला. तिच्यावर माझा राग नाही. तिला काय माहीत? तिला खरं सांगायला माझ्याकडे अख्खी दुपार होती. पेटी माझ्या मांडीवर होती, दिवा चालू होता, समोर तुमचंच रक्त बसलं होतं. मी सांगितलं नाही. तिचे बाबा तिच्याकडून काढून घ्यायला माझा हात उचलला गेला नाही. दिव्याचे पैसे घेतले नाहीत, पेटी कापडात बांधून गाडीत ठेवून दिली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि धुळ्याच्या घरी टाकलं तर ते तीच उघडेल, म्हणून ते इथेच राहील, मशीनच्या खणात. डोळे माझे चांगले आहेत, सर. पेटी बांधायच्या आधी पाटी भिंगाखाली धरून पाहिली; तुमच्या नावाच्या खाली माझ्या सुईची रेघ अजून आहे, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर केळीची पानं काढायचे तुमची लेक अकरा हजार देत होती. मी नाही म्हटलं.